लेकीच्या तापाचा पेशंट

"दाखवलं का डॉक्टरले?" गिरधर आबांनी फोन तोंडासमोर धरून विचारले. व्हिडिओ कॉल असला तरी आवाज समुद्रापलीकडे जायचा आहे, म्हणून ते नेहमीच शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारल्यासारखे बोलत.

पडद्यावर मोनाली अंगाभोवती शाल लपेटून बसली होती. मालदीवच्या बेटावर बारा महिने घाम निथळतो हे तिनेच आबांना सांगितले होते. तिथे माणूस शाल पांघरून बसला, तर तो ठीक नाही हे कळायला डॉक्टर लागत नाही, बाप पुरतो.

"दाखवलं आबा."

"मंग? सुई देली?"

"नाही."

"सलाईन?"

"नाही हो."

"मंग दाखवलं काय? आधार कार्ड?"

"आबा, इथले डॉक्टर उगाच सुई देत नाहीत. आराम करा म्हणाले, भरपूर पाणी प्या म्हणाले."

"पानी पे!" आबांनी फोन बाजूला करून बायकोकडे, धुरपदाबाईंकडे पाहिले. "ऐकलं का? चारी बाजूले समुद्र, अन् हे म्हनतात पानी पे!"

मोनाली हसली, पण हसता हसता तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर तिने कपाळ दाबले. डोळ्यांच्या मागे दुखते, अंग मोडून आलेय, तोंडाला चव नाही, वर्गात फार वेळ उभे राहिले की गरगरते, एवढे तिच्याकडून काढून घेईपर्यंत शाळेची वेळ झाली. दहावीची मुले परीक्षेला बसायची होती आणि गणिताला तिच्याशिवाय दुसरे कोणी नव्हते. "मी बरी आहे, काळजी करू नका," असे म्हणून तिने फोन ठेवला. ती डॉक्टरकडे गेलेलीच नाही, हे तिने सांगितले नाही आणि आबांच्या डोक्यातही आले नाही. तो परदेशी डॉक्टर कामाचा नाही, एवढेच त्यांनी नक्की केले.

यावल तालुक्यातल्या त्या गावात आबांची केळीची बाग होती आणि मोनाली ही एकुलती एक लेक. जळगावच्या एका शाळेत ती गणित शिकवायची. मालदीवच्या शाळेचे बोलावणे आले, तेव्हा आबांनी गावभर पेढे वाटले. ग्रामपंचायतीतल्या नकाशावर त्यांनी शेजारच्या रुपचंदला ते बेट बोट ठेवून दाखवलेसुद्धा. बोट काढल्यावर बेट उडून गेले, तेव्हा ती माशी होती हे कळले. पण अभिमान काही उडाला नाही.

"तिले भेटायले कोन येईन वं तठी?" धुरपदाबाई चुलीपुढून म्हणाल्या, आणि आबांच्या काळजात नेमके हेच रुतले.

आपल्याकडे माणूस आजारी पडला की निम्मे दुखणे डॉक्टर बरे करतो आणि निम्मे भेटायला येणारे. साधा पाय मुरगळला तरी आठ-दहा माणसे बिस्किटाचे पुडे घेऊन येतात, खाटेभोवती बसतात, आपापल्या मुरगळलेल्या पायांच्या गोष्टी सांगतात आणि आजाऱ्याला एक मिनिट झोपू देत नाहीत. तो त्यामुळेच लवकर उठून कामाला लागतो. ज्याला भेटायला कोणी येत नाही, त्याचे दुखणे खरे दुखणे. आणि मोनाली तिकडे एका खोलीत एकटी, खिडकीबाहेर पाणीच पाणी. आबांना भाकरी गोड लागली नाही. तरी त्यांनी तीन खाल्ल्या, कारण जळगावला जायचे होते.

जळगावचे डॉक्टर हेमराज हे आबांच्या घरचे डॉक्टर. मोनालीच्या गोवरापासून धुरपदाबाईंच्या गुडघ्यापर्यंत सगळे त्यांनीच पाहिलेले. त्यांच्याकडून एकदा औषध समजले की मोनालीला फोनवर नाव सांगायचे, ती तिकडे विकत घेईल, मामला खलास. पण घोडे अडले होते ते दवाखान्यातल्या पाटीवर. 'पेशंट सोबत आणल्याशिवाय औषध सांगितले जाणार नाही,' असे तिथे लाल अक्षरात लिहिले होते. पूर्वी डॉक्टर असे नव्हते. पण कोणीतरी बायकोचा खोकला सांगून नेलेले औषध म्हशीला पाजले आणि ते त्यांच्या कानावर गेले, तेव्हापासून ही पाटी लागली.

"मंग कसं करता?" रुपचंदने मोटारसायकल चालवता चालवता विचारले. "मोनालीले तर आनता येत नाही."

"पेशंट लागतो ना त्याहिले? मंग मी हाये की."

"तुम्हाले काय झालं?"

"तिले झालं तेच."

रुपचंदला काही समजले नाही, पण वाऱ्यात त्याने मान हलवली. मागे बसलेले आबा ओठातल्या ओठात पाठ करीत होते, डोये मागून दुखतात, अंग मोडून येतं, तोंडाले चव नाही.

डॉक्टर हेमराज शांतपणे ऐकून घेणारे होते. आबांनी सगळे दुखणे अक्षरही न चुकता म्हणून दाखवले.

"ताप आहे का?"

"हाये ना. सपाटून हाये."

डॉक्टरांनी ताप पाहिला. "आता तर अजिबात नाही."

"आता उतरला असंन. सकाई होता."

"चक्कर वगैरे?"

"येते ना. वर्गात उभं राह्यलं की गरगरते."

"वर्गात?"

आबांनी जीभ चावली. "बागेत. बागेत म्हनलो मी."

डॉक्टरांनी आबांचा डोळा ओढून पाहिला, जीभ पाहिली आणि खुर्चीत जरा पुढे सरकून बसले. आबांना वाटले, आता चिठ्ठी लिहितील. पण डॉक्टर म्हणाले, "आबा, खेळ समजू नका. सगळी लक्षणं डेंग्यूची आहेत. आणि ताप उतरला म्हणून बरं झालं असं नसतं, खरा धोका ताप उतरल्यावरच असतो. रक्त तपासू. पण तुम्हाला मी घरी पाठवणार नाही."

"घरी... बिलकुल ठेवू नये?"

"अजिबात नाही. अशा माणसाला एकटं ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ."

आबांच्या डोळ्यांपुढे ती खोली आली आणि ती शाल आली. हात गार पडले, कपाळावर घाम फुटला, छाती धडधडू लागली. नेमक्या त्याच क्षणी डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब घेतला. आकडा पाहून त्यांनी पुन्हा घेतला. मग सिस्टरला हाक मारली.

"डॉक्टरसाहेब, ऐका, मले काही झालं नाही," आबा उठू लागले.

"सगळे असंच म्हणतात. झोपा."

"मी नाही आजारी, माही पोरगी आजारी हाये!"

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिले. "असंबद्ध बोलतायत. लक्ष ठेवा."

खरे बोलावे तर कोणी ऐकेना, आणि खोटे जे बोलले होते त्यावर सगळ्यांचा पक्का विश्वास. आबा खाटेवर आडवे झाले, रक्त काढले गेले, डाव्या हाताला सुई टोचून थेंब थेंब सलाईन सुरू झाले. तेवढ्यात त्यांनी उजव्या हाताने मोनालीला फोन लावला. लागेना. शाळेत ती फोन बंद ठेवायची. पुन्हा लावला. पुन्हा लागला नाही.

शेजारच्या खाटेवर अमळनेरकडचे वना नाना होते. पोटाच्या दुखण्याने आलेले, गप्पांना आसुसलेले. त्यांनी कुशीवर वळून विचारले, "काय व्हयनं भाऊ तुमले?"

"काही नाही."

"माले बी सुरुवातले काहीच नव्हतं," नाना समाधानाने म्हणाले.

आता बाहेर बाकावर बसलेल्या रुपचंदचे काय झाले ते पाहू. आबा बरेच आत राहिले म्हणून त्याने खोलीत डोकावले. आबा खाटेवर, हाताला सलाईन, डोळे छताला. "डॉक्टर म्हणतात डेंगी आहे, असंबद्धही बोलतायत," सिस्टर जाता जाता म्हणाली. रुपचंद जागच्या जागी हबकला. मघाशी मोटारसायकलवर आबा 'तिले झालं तेच' म्हणाले होते, त्याचा अर्थ आत्ता त्याच्या डोक्यात पडला. म्हणजे आबांना खरेच झाले होते आणि बिचाऱ्याने बाहेर दाखवले नाही! डोळे पुसत त्याने एक फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, 'आपले गिरधर आबा ॲडमिट. डेंगी. प्रकृती गंभीर पण स्थिर.' हे शेवटचे वाक्य त्याने टीव्हीवर ऐकलेले होते.

मग काय विचारता! केळीची गाडी रिकामीच उभी होती, तिच्यात बसून गाव निघाले. दुपार कलायच्या आत दवाखान्याच्या जिन्यात चपलांचा ढीग पडला. नारळ आले, पारले बिस्किटे आली, कोणी पपईच्या पानांचा रस आणला, कोणी शेळीचे दूध आणले. गावच्या भिकुबाईंनी खाटेच्या उशाशी मिरच्या-मीठ घेऊन दृष्ट काढली आणि त्या मिरच्या जाळायला जागा कुठे म्हणून सिस्टरलाच विचारले. सिस्टर रडकुंडीला आली.

"बठ्ठा गावच उना शे का तुमना?" अख्खे गाव आलेले पाहून वना नानांनी कौतुकाने विचारले. भेटायला आलेल्यांपैकी निम्मे आता त्यांच्या खाटेवर बसले होते आणि त्यांनाही बिस्किटे मिळत होती. त्यांचे पोट दुखायचे थांबले होते.

गर्दीतून वाट काढत धुरपदाबाई आल्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिले.

"सकाई तीन भाकरी खाल्ल्या याहिनं," त्या म्हणाल्या. "कशाचा डेंगी?"

आबांनी त्यांना खाली वाकायला सांगितले आणि कानात सगळे सांगितले. धुरपदाबाईंनी आधी कपाळाला हात लावला, मग तोंडाला पदर लावला. त्या हसताहेत की रडताहेत ते कोणाला कळेना, म्हणून मागच्या दोघी-तिघींनीही पदर लावले.

"पन आता ते नाही महत्त्वाचं," आबा म्हणाले. "डॉक्टर म्हने, अशाले एकटं ठेवनं म्हंजे जिवाशी खेळ. आपली पोर एकटी हाये वं. फोन लागत नाही. तू लाव, तू लाव."

धुरपदाबाईंच्या हातातला फोन त्यांनी लावायच्या आतच वाजला. मोनालीच होती, म्हणून आबांनी तो ओढून घेतला. शाळा सुटल्यावर तिने फोन उघडला तो समोर बापाचा फोटो. ती रडतच बोलत होती.

"आबा! काय झालं तुम्हाला? मला कोणी सांगितलं का नाही?"

"मले काही नाही झालं बाई. मी बरा हाये, काळजी करू नको."

पलीकडे मोनालीचे रडणे थांबले. सकाळी हेच वाक्य याच सुरात ती स्वतः बोलली होती. त्यात किती तथ्य असते ते तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

"खोटं बोलू नका आबा," ती म्हणाली. "आईला द्या. आई, काय काय होतंय त्यांना?"

धुरपदाबाईंना सगळे खरे सांगायचे होते. पण फोन हातात घेईपर्यंत रुपचंदने मान पुढे घालून सांगून टाकले, "डोये मागून दुखतात, अंग मोडून येतं, चक्कर येते. अन् असंबद्ध बोलतात असं डॉक्टर म्हने!"

फोन बंद झाला. आबांनी रुपचंदकडे असे पाहिले की तो बिस्किटाचा पुडा तिथेच ठेवून जिन्यात जाऊन बसला. पुन्हा फोन लावला तर मोनाली उचलेना. एकदा नाही, पुष्कळ वेळा लावला. आबांना आता खरोखरच चक्कर आल्यासारखे वाटू लागले. इतक्या माणसांत एकटे वाटणे म्हणजे काय, ते आबांना त्या दुपारी कळले.

संध्याकाळी फोन वाजला आणि पडद्यावर मोनाली दिसली. पांढऱ्या उशीवर डोके, केस विस्कटलेले, आणि हाताला सलाईन.

दुसरा एखादा बाप असता तर त्याने हंबरडा फोडला असता. आबा खाटेवर उठून बसले, त्यांचा चेहरा उजळला आणि ते ओरडले, "लागली! सलाईन लागली! धुरपदे, पाह्य, सलाईन लागली पोरीले!" सगळ्या खोलीत आनंदीआनंद झाला.

मोनालीचे जे झाले ते तिने सांगितले. फोटो पाहिल्यावर ती तशीच धावत शाळेसमोरच्या दवाखान्यात गेली होती, बापाबद्दल विचारायला. तिथल्या डॉक्टरीण बाई बांगलादेशच्या. मोनालीने त्यांना सांगितले, माझ्या वडिलांचे डोळे मागून दुखतात, अंग मोडून येते, चक्कर येते, हे धोक्याचे आहे का? बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, तुमच्या वडिलांचे मी इथून काय सांगणार, पण तुम्ही मघापासून माझे टेबल धरून का उभ्या आहात? मग त्यांनी हात लावून पाहिला आणि तिला बाहेर जाऊच दिले नाही.

"डेंग्यूच आहे आबा. पण वेळेवर आले म्हणाल्या. आणखी दोन दिवस तशीच शाळेत गेले असते तर..." ती थांबली. "आबा, मी सकाळी खोटं बोलले. मी दाखवलंच नव्हतं. मला बोटीने मोठ्या दवाखान्यात पाठवतील, मग पोरांचं गणित राहील, म्हणून गेलेच नव्हते. तुमच्यासाठी म्हणून आज पायरी चढले."

आबांनी पदर घ्यावा तसा उपरण्यात चेहरा झाकून घेतला. धुरपदाबाई उघड उघड रडल्या. रुपचंद जिन्यातून आत आला आणि कोणी रागावत नाही असे पाहून पुन्हा खाटेच्या कडेला टेकला. फोटो त्यानेच टाकला होता, हे त्याने आडून आडून दोनदा सांगितले.

"भेटायले आलं का कोनी?" आबांनी हळूच विचारले.

मोनालीने फोन फिरवला. खाटेभोवती दहावीचा अख्खा वर्ग उभा होता. कोणी शहाळे आणले होते, कोणाच्या आईने मासळीचे काहीतरी डब्यात दिले होते, आणि एक मुलगी मोनालीच्या पायाशी बसून वहीत गणित सोडवीत होती. नर्स दारातून त्यांना बाहेर जा म्हणत होती आणि एकही जण हलत नव्हता. आबा बघतच राहिले. जागा वेगळी, भाषा वेगळी, पण ही गर्दी त्यांच्या ओळखीची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचे रिपोर्ट आले. डॉक्टर हेमराजांनी ते पाहिले, मग आबांना पाहिले, मग पुन्हा रिपोर्ट पाहिले.

"आबा, रक्त तर विशीतल्या पोरासारखं आहे. रक्तदाबही खाली आला. मग हे सगळं दुखणं होतं कोणाचं?"

आबांनी सांगून टाकले. डॉक्टर रागावतील म्हणून ते मान खाली घालून बसले. डॉक्टर खूप वेळ खिडकीबाहेर पाहत उभे राहिले, मात्र त्यांचे खांदे हलत होते.

"जा घरी," ते वळून म्हणाले. "आणि पाटीवर आता आणखी एक ओळ लिहावी लागेल मला."

धुरपदाबाईंनी पिशव्या भरल्या. आबांनी आनंदाने मोनालीला फोन केला. "मले सुट्टी देली बाई! चाललो घरी!"

"हो?" तिकडून आवाज एकदम टवटवीत आला. "मग मी पण विचारते बाईंना. तुम्ही ॲडमिट आहात म्हणूनच मी इथे निमूट पडून होते. तुम्ही घरी गेलात की मीही खोलीवर जाते. उद्यापासून पोरांचा शेवटचा धडा घ्यायचाय."

"पन ताप?"

"उतरलाय आज."

आबांचा हात फोनसकट खाली आला. ताप उतरल्यावरच खरा धोका असतो, हे त्यांना आता कोणी शिकवायला नको होते. त्यांनी चपला काढल्या, दोन्ही व्यवस्थित खाटेखाली सारल्या आणि फोन काखेत दाबून डॉक्टर हेमराजांचा हात धरला.

"डॉक्टरसाहेब, तिले सोडेपर्यंत मले ठुवा. पाया पडतो. अठी नाही तर बाहेर बाकावर ठुवा, पन ॲडमिट म्हना."

"आबा, ठणठणीत माणसाला मी ॲडमिट कसं ठेवू?"

"ती पोर तेवढ्यावर पडून राहीन. नाहीतर उठीन."

डॉक्टर एकदा आबांकडे आणि एकदा फोनकडे पाहत राहिले. मग त्यांनी गळ्यातली नळी कानाला लावली, आबांच्या छातीवर टेकवली आणि बराच वेळ मन लावून ऐकले. फोनमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात ते सिस्टरला म्हणाले, "आबांना आज सोडायचं नाही. मी सांगेपर्यंत नाही."

"ऐकलं ना बाई?" आबांनी फोन वर धरला. आवाज त्यांनी जमेल तितका क्षीण केला होता. "सोडत नाही म्हने. तू बी पडून राय."

"मग तुम्हीही उठू नका आबा. शपथ?"

"शपथ."

आबा पांघरूण गळ्यापर्यंत ओढून खाटेवर आडवे झाले. धुरपदाबाईंनी भरलेल्या पिशव्या पुन्हा रिकाम्या केल्या.

शेजारून वना नाना हे सगळे पाहत होते. त्यांनी कोपरावर उठून विचारले, "भाऊ, तुमले ते सुट्टी दिधी होती ना? परत का बरं झोपनात? आते काय व्हयनं?"

"मले काही नाही नाना," आबा छताकडे पाहत म्हणाले. "पोरीले ताप हाये."